मागाखालचं बोलणं

यंत्राने शेवटच्या मागाचा आवाज सोलून बाजूला ठेवला आणि हेडफोनमध्ये कुणीतरी खोकलं.

तेजश्री बुगड खुर्चीत सावरून बसली. समोर दिवाणजींचं जुनं टेबल, त्यावर तिचा संगणक, आणि काचेच्या खिडकीपलीकडे शेडमधले सगळे माग भर दुपारी धडाडत होते. त्या धडाक्यात शेजारच्या माणसाने कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. हेडफोनमधला कालचा खोकला मात्र इतका स्वच्छ होता, की खोकणाऱ्याला पाणी नेऊन द्यावंसं वाटलं.

"निघालं!" ती मोठ्याने म्हणाली. अर्थातच कुणाला ऐकू गेलं नाही.

२०३९ सालची ही गोष्ट. इचलकरंजीत धोट्याचे जुने माग चालवणाऱ्या शेड आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या, आणि ही त्यातलीच एक दसऱ्याला बंद होऊन भंगारात जायची होती. मुंबईच्या एका कलासंस्थेने तेजश्रीला तिथे कलाकृती करायला सांगितलं होतं. कुणी दगड घडवतं, कुणी माती घडवतं, तेजश्री आवाज घडवते. तिचं काम भिंतीवर टांगता येत नाही की ट्रकात घालून दुसऱ्या गावी नेता येत नाही. ज्या जागेसाठी केलं, त्या जागेतच ते उभं राहतं. माग थांबल्यावर प्रत्येक मागाचा आवाज त्याच्या त्याच्या जागी पुन्हा उभा करायचा, अशी तिची मूळ कल्पना होती. शेडमधल्या सगळ्यांना तिने तेच सांगितलं होतं. "महिनाभर मागाचा आवाज घेते." आणि जॉबर इस्माईलचाचा, ज्यांच्या हातून तिथला प्रत्येक माग दुरुस्त झालेला, हसून म्हणाले होते, "घे की पोरी. आमी उभ्या जल्मात घेतलाय, तूबी घे."

सांगितलं एक आणि झालं भलतंच. कलावंताचं मन ते, हातात सुरी आली की काहीतरी कापून बघणारच.

ही सुरी नवी होती. वर्खाइतकी पातळ फीत मागाच्या पायांना, खांबांना, छपराच्या पत्र्याला चिकटवायची. त्या जागेतलं बारीकातलं बारीक कंपन ती फीत टिपते. मागाचा आवाज कानाला गोंगाट वाटतो, पण गणिताच्या दृष्टीने तो फार शिस्तीचा. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला इकडून मार, तिकडून मार, मध्ये फणीचा ठोका, की पुन्हा तेच. काही दिवस ऐकल्यावर यंत्राला प्रत्येक मागाची खोड कळते. कुठला अडखळतो, कुठला दमट हवेत जड होतो, सगळं. मग पुढचा ठोका कसा पडणार हे ते आधीच सांगू लागतं. आणि जे आधी सांगता येतं ते वजा करता येतं. एकेक माग असा वजा करत गेलं, की शेवटी फक्त मागाचं नसलेलं उरतं.

उरली ती माणसं. तेजश्रीला वाटलं होतं, पंख्याची घरघर उरेल, फार तर चिमण्या. पण एक विणकर शेठला आईबहिणीवरून शिव्या घालत होता, सावकाश, चवीचवीने. प्रकाश नावाचा तरुण कुणा मुलीच्या बापाशी काय बोलायचं त्याची तालीम करत होता. एक बाई रडत होती आणि रडता रडता भाजीचा हिशोब करत होती. सगळे मोठमोठ्याने, मोकळ्या गळ्याने बोलत होते. स्वतःलासुद्धा ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस किती खरं बोलतो! तेजश्रीच्या अंगावर काटा आला. असलं काही आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मग तिने उजव्या रांगेतल्या खिडकीजवळच्या मागाची पट्टी उघडली. तो माग मालनमामीचा.

"मरा," मामीचा आवाज म्हणत होता. "मरा हो आता. किती दिस काढायचं? सुटा एकदाचं तुमी, आन् मला सोडवा."

मध्ये थोडी शांतता, तुटलेला धागा जोडायला लागते तेवढी. मग पुन्हा, जात्यावर बसल्यासारख्या संथ सुरात, "मरा हो." मरण मागतानासुद्धा अहोजाहो.

तेजश्रीने हेडफोन काढले आणि टेबलावर पालथे घातले. मालनमामीने तिला वाढवलं होतं. आई गेल्यावर लहानग्या तेजूला मामाने घरी आणलं, पण वेणी घातली, शाळेत घातलं, तापात उशाशी बसली ती मामी. दशरथमामाला पक्षाघात होऊन आता काही वर्षं झाली होती. मामी त्याला अंघोळ घालायची, भरवायची, कुशीवर वळवायची आणि मग पाळीवर यायची. गल्लीतल्या सासवा सुनांना मामीचं उदाहरण देत. मामाच्या पाठीवर आजवर एक जखम नाही, डॉक्टरसुद्धा नवल करत.

हे ऐकायचं नव्हतं, एवढं तेजश्रीला लगेच कळलं. कळण्यासाठी तिला कलेतलं काही शिकावं लागलं नाही. शेडमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला ओठ वाचता येतात. गोंगाटात दुसरा इलाजच नसतो, चार माग पलीकडच्या माणसाशी लोक नुसत्या ओठांनी गप्पा मारतात. म्हणूनच तिथे एक रीत आहे. कुणी आपल्या मागावर एकटंच ओठ हलवत असेल, तर त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. नजर धाग्यावर न्यायची. लहानपणी एकदा तेजू एका विणकराच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, तेव्हा मामीने तिची हनुवटी धरून मान फिरवली होती. शेडमधली माणसं नजरेचीच काय ती काळजी घेत आली. कानाची काळजी त्यांच्या बापजाद्यांनाही करावी लागली नव्हती.

तेजश्रीने हेडफोन पुन्हा कानाला लावले.

*

"विलक्षण आहे हे," पडद्यावर नंदिनी कामत म्हणाल्या. संस्थेच्या वतीने प्रदर्शनाची जुळवाजुळव त्याच बघत होत्या. "मागांचा आवाज विसरा. ही माणसंच ठेवा. आणि ती खिडकीजवळची बाई... मला दोनदा थांबावं लागलं ऐकताना. कोण आहे ती?"

"आहे एक विणकर," तेजश्री म्हणाली.

"ती नसेल तर बाकीचं सगळं नुसतं गमतीशीर होईल. ती आहे म्हणून हे काम उभं राहतं. सगळ्यांची परवानगी आहे ना? हे वापरायची?"

"आहे."

इतकं सहज गेलं तोंडातून. बोलणं संपल्यावर ती उठून पाणी प्यायली. आपण मामीला विचारू, आजच विचारू, असं तिने स्वतःला बजावलं.

घरी मामी मामाला भरवत होती. डाव्या हाताने त्याची मान सावरून, उजव्या हाताने मऊ भाताचा घास. तेजश्री उंबऱ्यात बसून राहिली.

"काय गं, तोंड का उतरलंय?" मामीने विचारलं. "माझा माग वाजतोय नव्हं तुझ्या त्यात?"

"वाजतोय की."

"बघा, म्या म्हटलं नव्हतं?" मामी मामाला म्हणाली. त्याच्या तोंडाच्या कडेचा भात तिने पदराने टिपला. "मी येतो गं बघायला. ह्यास्नीबी आणतो. ह्यांची अर्धी हयात गेलीया त्या शेडात."

"मामांना कशाला त्रास? पायऱ्या हायत तिथं."

"इस्माईल फळी टाकून देतोय. त्येला कवाच सांगून ठेवलंय."

मामा तिरप्या तोंडाने हसला. त्याला बोलायला वेळ लागे. "येणार," तो म्हणाला.

तेव्हा सांगायला हवं होतं. घास तोंडात, भांडं मांडीवर, दोघं इतकी खुशीत होती की सांगायचं धैर्य झालं नाही, असं तेजश्रीने पुढे स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. पण ते खरं नव्हतं. सांगितलं तर मामी नको म्हणेल, आणि नको म्हटल्यावर तो आवाज काढावा लागेल, म्हणून ती गप्प बसली.

आणि मग तिला पळवाट सापडली. हुशार माणसाला ती नेहमीच सापडते.

हे आवाज साध्या स्पीकरमधून येणार नव्हते. कानाला ऐकू न येणाऱ्या उंच कंपनांचे दोन झोत छपरावरून सोडायचे. ते जिथे एकमेकांना छेदतात तिथेच, हवेत, ऐकू येणारा आवाज तयार होतो. टोपलीएवढ्या जागेत तो असतो. एक पाऊल मागे सरकलं की काही नाही. त्यामुळे आवाज एखाद्या वस्तूसारखा नेमका ठेवता येतो, फूटभर उंच, फूटभर खाली. तेजश्रीने मामीचा आवाज मामीच्या तोंडाच्या उंचीवर ठेवला. तिथे उभं राहणाऱ्यालाच तो ऐकू येणार होता. मामा येणार चाकाच्या खुर्चीत. त्याच्या डोक्यावरून तो जाईल. आणि मामी तर खुर्चीच्या मागे, वाटेवरच उभी राहील.

तिने दिवाणजींची खुर्ची ओढत मागाजवळ नेली, तीत बसून बघितलं. खरंच काही ऐकू येत नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

*

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी शेड उघडली. थांबलेले माग पुसून ठेवलेले, छपरातून ऊन आलेलं. मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी पाय न वाजवता एकेका मागापाशी जात होती, थांबत होती, डोळे मिटत होती. कुणी शेठला घातलेल्या शिव्या ऐकून तोंडावर हात धरून हसलं. शेठ सुदैवाने दारातच पाहुण्यांशी बोलत उभे होते.

मग शेडची माणसं आली, इस्त्रीच्या कपड्यांत, बायकापोरांसह. सवयच ती, प्रत्येकजण आधी आपापल्या मागाशी गेला. प्रकाश हसत हसत आपल्या जागी उभा राहिला आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. त्याच्या शेजारची बाई आपल्या मागापाशी दोन श्वास थांबली, पोराचा हात धरला आणि कुणाला काही न बोलता सरळ बाहेर पडली.

तेजश्रीचं लक्ष फळीकडे होतं. इस्माईलचाचा मामाची खुर्ची ढकलत आत आले. मामाने स्वच्छ पांढरी टोपी घातली होती. मामी नवं लुगडं नेसली होती. खुर्ची खिडकीजवळच्या मागाशी थांबली आणि तेजश्रीने जसं योजलं होतं, तसं काहीच ऐकू आलं नाही.

"इथंच की तुमीबी उभं ऱ्हायचा," मामी मामाला म्हणाली.

मामाने मागाकडे बघितलं. आपला चांगला हात त्याने पुढे केला आणि मागाची चौकट धरली.

"उभं... करा," तो म्हणाला.

"अवो, कशाला उगंच?"

"मागावर... कोण बसतंय का?" तो म्हणाला आणि हसला. विणकर मागाशी उभाच राहणार, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तेजश्री धावली. पण मध्ये पाहुणे होते, आणि धावणाऱ्या कलावंताला वाट द्यायची असते हे कुणाला सुचलं नाही. इस्माईलचाचांनी एका बाजूने मामाला उचललं, मामीने दुसऱ्या बाजूने कमरेला मिठी घातली. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच दशरथ ढवळे आपल्या बायकोच्या मागाशी उभा राहिला. त्याचं डोकं आणि मामीचं डोकं शेजारी शेजारी, नेमक्या त्या उंचीवर आलं.

"मरा," मामीचा आवाज म्हणाला. "मरा हो आता."

मामीचा चेहरा पिठासारखा झाला. मामाने तिच्याकडे बघितलं नाही, तो खिडकीबाहेर बघू लागला. आवाज सांगायचं ते सगळं सांगत राहिला, धागा जोडायला थांबला, पुन्हा सांगू लागला. मामीने नवऱ्याची कंबर सोडली नाही. सोडली असती तर तो पडला असता. इस्माईलचाचांच्या कानावर काही पडत नव्हतं, ते एक पाऊल बाहेर होते. ते आपले "शाब्बास दशरथ, शाब्बास" म्हणत होते.

मागे रांगेत उभ्या असलेल्या एका पाहुण्या बाईने या तिघांकडे बघून टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

फळीवरून खुर्ची उतरवताना तेजश्रीने मामीला गाठलं. "मामी, मला ठाऊक नव्हतं गं. मशीन आपोआप काढतं सगळं. कुणाचं काय, ते मला कळलंच नाही."

मामीने तिच्याकडे बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "मशीन हाय त्ये."

*

त्याच दिवशी तेजश्रीने तो आवाज काढून टाकला. पण पाहुण्यांनी फोनवर टिपून घेतलं होतं, आणि आठवडाभरात ते सगळ्या गावात फिरलं. पानाच्या ठेल्यावर पोरं एकमेकांना "मरा हो" म्हणू लागली. गल्लीतल्या सासवांनी मामीचं नाव घेणं सोडलं. तिकडे नंदिनी कामतांचे निरोपावर निरोप येत होते. काम गाजलं होतं, तशीच एक जागा परदेशात बघून ठेवली होती. तेजश्रीने एकालाही उत्तर दिलं नाही. लाज वाटते म्हणून तोंड लपवायला जावं, तर आरशातसुद्धा तेच तोंड. तिला स्वतःचा इतका वीट आला होता, की जेवायला बसलं तरी घास गोड लागेना.

मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी दुपारी ती मामाजवळ बसली होती. मामी गावाबाहेरच्या दुसऱ्या एका जुन्या शेडमध्ये पाळीवर जाऊ लागली होती. इस्माईलचाचा आणि बंद झालेल्या शेडमधले बरेचजणही तिथेच लागले होते.

"मामा," ती म्हणाली, "मामी मनापासून नव्हती म्हणत ते."

"मनापासूनच," मामा म्हणाला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता आणि तेजश्री थांबत होती. "मला... ठाऊक हुतं. भरवताना ओठ हालायचं तिचं. आवाज न्हाई, नुस्तं ओठ. म्या बघत नव्हतो. भिताडाकडं बघायचो."

तेजश्री आणखी जवळ सरकली.

"तिला वाटायचं, ह्यास्नी म्हाईत न्हाई. म्हणून... चाललं हुतं. तिचंबी, माझंबी." त्याने श्वास घेतला. "आता ओठ दाबून भरवती. कायबी बोलत न्हाई. रडतबी न्हाई. अशानं मरंल ती. माझ्या आधी."

बाहेर कुठेतरी माग चालू होता. मामाने मान वळवून तेजश्रीकडे नीट बघितलं.

"तू आधी ऐकलं हुतंस. मग ठेवलंस. व्हय नव्हं?"

"मशीननं मामा, ते आपोआप..." तेजश्रीने सुरुवात केली.

मामाने तिच्या तोंडावरून नजर काढली आणि भिंतीकडे नेली. मागावर एकट्याने बडबडणाऱ्या माणसाला द्यावा तेवढाच मान त्याने तिच्या खोट्याला दिला. तेजश्रीचं वाक्य अर्ध्यातच संपलं. ती उठली, चप्पल घातली आणि रिक्षाला हात केला.

मामीच्या त्या दुसऱ्या शेडच्या दारातच ती थबकली. आतले सगळे माग धडाडत होते, आणि मागावरच्या प्रत्येक माणसाने तोंडावर फडकं बांधलं होतं. बायांनी पदर, पुरुषांनी रुमाल. धूळ तर या शेडमध्ये पिढ्यान् पिढ्या होती, तेव्हा कुणी बांधलं नव्हतं. कोपऱ्यात इस्माईलचाचा एका मागावर वाकले होते, त्यांच्याही तोंडावर रुमाल. खांबांकडे, पत्र्याकडे लोकांची नजर सारखी जात होती, कुठे फीत चिकटवलेली आहे का बघायला. तेजश्री आत शिरली तशी एकेकाने तिला ओळखलं आणि रुमालाची गाठ आवळली.

मालनमामी तिसऱ्या रांगेत होती. तेजश्री तिच्या मागापुढे जाऊन उभी राहिली. गोंगाटात तिला हायसं वाटलं. तिने आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "मामी, चुकलं माझं. मला माफ कर."

मामी तिच्या ओठांकडे बघत होती. तिने मान फिरवली नाही, नजर धाग्यावर नेली नाही. तेजश्रीचं बोलणं पुरं होईपर्यंत बघत राहिली. मग हात वर करून तिने इस्माईलचाचांना खूण केली.

चाचांनी भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. सगळे माग एकदम अडखळले आणि थांबले. शेडमध्ये इतकी शांतता झाली, की कानांत शीळ वाजू लागली. माणसं मागांमागून बाहेर आली आणि तेजश्रीच्या तोंडाकडे बघू लागली.

मामीने पदर तोंडावरून खाली ओढला.

"आता बोल," ती म्हणाली.

"मामी, घरी जाऊन..."

"न्हाई. हितं. माझं समद्यांनी ऐकलंय."

"मला ठाऊक होतं," तेजश्री म्हणाली. "तो तुझा आवाज हाय, हे पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. मामा येणार, हेबी ठाऊक होतं. ह्या सगळ्यांचंही मी ऐकलं आणि कुणालाच विचारलं नाही."

"मग कशापायी ठेवलास?"

सांगण्यासारखी दुसरी बरी कारणं तिच्याजवळ बरीच होती. कलेची होती, काळाची होती, विणकरांचं दुःख जगापुढे मांडण्याची होती.

"लोकांनी वाहवा करावी म्हणून," तेजश्री म्हणाली.

वरच्या पत्र्यावरून तिचा आवाज परत आला, आणि तो तिला सगळ्यांच्या देखत ऐकावा लागला.